रूट कॅनॉल, ब्लीच आणि त्रिफळा : त्या मेसेजला उत्तर

माझा दवाखाना गिरगावात आहे. हल्ली खुर्चीत बसायच्या आधी कुणी ना कुणी मोबाइल पुढे करतं आणि एकच मेसेज दाखवतं. त्यातलं म्हणणं असं : रूट कॅनॉल करताना डॉक्टर दाढेत फरशी पुसायचं ब्लीच घालतात, त्याऐवजी त्रिफळा किंवा कडुलिंबाच्या अर्काने दाढ धुतली तरी तेच काम होतं, संशोधनात हे सिद्ध झालंय, वनस्पती असल्याने अपाय शून्य, आणि घरी काढ्याच्या गुळण्या केल्या तर रूट कॅनॉल टळतं.

आधी ब्लीचचं बोलू. रसायन तेच आहे, सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धात त्याच्याच साधारण ०.५ टक्के द्रावणाने सैनिकांच्या जखमा धुतल्या जात. दातात आम्ही ०.५ पासून ५.२५ टक्क्यांपर्यंत वापरतो. मुळाच्या टोकापलीकडे गेलं तर ते भयंकर झोंबतं, गाल सुजून काळानिळा पडतो. ही भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवणाऱ्या पेशंटवर मी कधी वैतागत नाही. त्यासाठीच सुईचं भोक टोकाला नसून बाजूला असतं, मुळाच्या टोकाच्या १-२ मिमी अलीकडे थांबायचं असतं, दट्ट्या हलक्या हाताने दाबायचा असतो. आणि दाताभोवती रबर डॅम, म्हणजे दात तेवढा बाहेर ठेवून बाकी तोंड झाकणारा रबराचा पातळ पडदा, लावायचा असतो. तो लावणार का, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

‘तेच काम होतं’ हे मात्र साफ चूक. धुण्याची कामं दोन : जंतू मारणं आणि मेलेली नस विरघळवणं. मुळातली पोकळी सरळ नळीसारखी नसते. तिला फाटे असतात, कोपरे असतात, दोन नळ्यांना जोडणाऱ्या बारीक फटी असतात. तिथे फाइल, म्हणजे मुळातली नळी घासायची बारीक सुईसारखी कानस, पोचत नाही, पोचलं तर द्रावणच. हायपोक्लोराइट आत सोडलं की दाढेत बारीक फेस वर येतो आणि नसेचे राहिलेले धागे विरघळू लागतात. मी ते ओढून घेते, ताजं सोडते, पुन्हा तेच. त्रिफळ्यातला हिरडा याच्या नेमका उलट वागतो. त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, आणि टॅनिन प्रथिनांना घट्ट करतं. कातडं कमावायला हिरडा वापरतात तो याच गुणामुळे. धारावीच्या टॅनऱ्यांत काम केलेल्या जुन्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जी नस विरघळवायची तीच कमावून आत ठेवली, तर दाढ धुतली कुठे?

संशोधन झालंय, हे खरं. २०१० मध्ये भारतीय संशोधकांनी काढलेल्या दातांवर एंटेरोकॉकस फीकॅलिस या चिवट जंतूचा थर वाढवून त्रिफळा आणि ग्रीन टीचा अर्क तपासला. दोन्हींचा परिणाम चांगला दिसला. पण त्याच प्रयोगात सगळ्यांत प्रभावी ठरलं ५ टक्के हायपोक्लोराइट. मेसेजमध्ये हे गाळलंय. शिवाय ते दात तोंडाबाहेरचे होते. वर्षभराने एक्स-रेत मुळाभोवतीचं हाड भरून आलं का, हे अशा प्रयोगातून कळत नाही.

‘अपाय शून्य’ म्हणावं, तर घरचा काढा निर्जंतुक नसतो, दर वेळी त्याची तीव्रता वेगळी असते.

गुळण्यांचं मला जास्त लागलं. गेल्या पावसाळ्यात खेतवाडीच्या एक काकू पहिल्या बैठकीनंतर आल्याच नाहीत. ठणका थांबला होता आणि रोज सकाळी तांब्याभर त्रिफळ्याचा काढा चालू होता. नस मेली की ठणका थांबतो, आतला संसर्ग मात्र चालू राहतो. सगळ्यात बारीक फाइलींपैकी एक, १० नंबरची, टोकाला ०.१० मिमी जाड असते आणि तीही कधी कधी अडते. तिथे गुळणी कशी पोचणार? अडीच महिन्यांनी काकू आल्या तेव्हा तात्पुरतं सिमेंट पडून गेलं होतं, गाल सुजला होता, दाढ हिरडीखालपर्यंत चिरली होती. काढावीच लागली.

“मी मनापासून करत होते गं,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिरड्यांसाठी काढ्याने चूळ भरायला माझी आजही हरकत नाही, हे मी त्यांना सांगितलं. तो मेसेज त्यांनी स्वतः चार ग्रुपवर पाठवला होता. त्याच चार ग्रुपवर टाकायला त्यांनी माझ्याकडून हे लिहून घेतलंय.