‘मूल अडलं की लगेच सांगा’ म्हणणाऱ्या त्या संदेशाला उत्तर

शिकवणी लावताना शिक्षकांना कोणत्या सात गोष्टी सांगाव्यात, असा एक लांबलचक संदेश सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. धाकट्या बहिणीने काल तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘ताई, सरांना असंच करायला सांगू का?’ नको सांगूस. का नको, ते इथेच लिहिते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. शिक्षकाने मुलाच्या शेजारी बसावं आणि मूल अडलं की तिथल्या तिथे सांगावं, त्याला अडू देऊ नये. प्रत्येक धडा पाच वेळा वाचून घ्यावा, महत्त्वाच्या ओळी रंगवाव्यात. नोट्स शिक्षकानेच काढून द्याव्यात. मूल ‘बघून’ शिकणारं की ‘ऐकून’ हे ओळखून तसंच शिकवावं. गणिताचा एक प्रकार पक्का झाल्याशिवाय दुसरा घेऊ नये. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं आणि दुसऱ्याला शिकवलेलं ९० टक्के, म्हणून मुलाला शिकवायला लावावं. आणि हे सगळं २१ दिवस केलं की अभ्यासाची सवय आपोआप लागते.

सगळ्यात घातक पहिलाच मुद्दा आहे, म्हणून जास्त वेळ त्यालाच देते.

मुलाने वहीत लिहिलंय: ३/४ + १/६ = ४/१०. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. संदेशाप्रमाणे वागणारे सर इथे पेन हातात घेतात. ‘अरे, आधी छेद समान करायचे, चार आणि सहाचा लसावि बारा’ असं म्हणत नऊ छेद बारा अधिक दोन छेद बारा, उत्तर अकरा छेद बारा, लिहून मोकळे होतात. मूल ‘हो सर, समजलं’ म्हणतं. ते खोटं बोलत नसतं. समोर सोडवलेलं गणित त्याला खरंच समजलेलं असतं. पण चार दिवसांनी २/५ + १/३ आलं की उत्तर पुन्हा ३/८ येतं, कारण छेदांची बेरीज का चालत नाही या प्रश्नापर्यंत ते पोचलेलंच नव्हतं. विचार सरांनी केला, मुलाने फक्त पाहिला.

आता दुसरी रीत. पेनला हात लावायचा नाही. विचारायचं, ‘तुझं उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?’ ४/१० अर्ध्यापेक्षा लहान. ‘आणि सुरुवातीचे ३/४?’ ते अर्ध्यापेक्षा मोठे. इथे गप्प बसायचं. मनात दहापर्यंत मोजायचं, लागलं तर पुन्हा मोजायचं. अर्ध्यापेक्षा मोठ्या संख्येत भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान कसं आलं, हे मुलाने स्वतः पकडलं पाहिजे. ते पकडल्यावर पुढचं सांगायला एक वाक्य पुरतं: चौथा भाग आणि सहावा भाग हे वेगवेगळ्या आकाराचे तुकडे आहेत, आधी एकाच आकाराचे करून घे, मग मोज.

याचा अर्थ मुलाला तासभर तळमळत ठेवायचं असा नाही. मदत पायरीपायरीने वाढवायची. आधी, ‘प्रश्न तुझ्या शब्दांत सांग.’ मग, ‘दिलंय काय आणि विचारलंय काय?’ मग, ‘असं गणित आधी कुठे केलंस?’ तरीही नाही जमलं तर फक्त पहिली ओळ सांगायची. तीही पुरली नाही तर त्याच धाटणीचं दुसरं गणित सरांनी सोडवून दाखवायचं आणि मूळ गणित मुलाने करायचं. पुढच्या पायरीवर केव्हा जायचं? दोन-तीन मिनिटांत कागदावर नवीन काही उमटलं नाही आणि मूल नुसतं तुमच्या तोंडाकडे बघतंय, तेव्हा. बऱ्याच शिक्षकांचं चुकतं ते इथे: घाईने पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी. मुलं हे फार लवकर हेरतात. थोडा वेळ गप्प बसलं की सर सांगतातच हे कळलं, की प्रयत्न थांबतो.

२००१ साली ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात शिकवणाऱ्यांना स्पष्टीकरण द्यायलाच मनाई केली होती. फक्त प्रश्न विचारून विद्यार्थ्याला बोलतं करायचं. तरी विद्यार्थी स्पष्टीकरण मिळालेल्यांइतकंच शिकले.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. विषय पूर्ण कोरा असेल, मुलाने त्याचं नावही ऐकलेलं नसेल, तर प्रश्नांचा मारा करून काही निघत नाही. तिथे आधी दोन-तीन उदाहरणं पूर्ण सोडवून दाखवावीत, पुढच्या उदाहरणाच्या शेवटच्या एक-दोन पायऱ्या मुलासाठी मोकळ्या ठेवाव्यात, आणि मग मोकळ्या पायऱ्या वाढवत न्याव्यात. संदेशात एवढंच लिहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

दुसरा मुद्दा, पाच वेळा वाचन. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग प्रत्येक शिकवणीच्या शिक्षकाला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एकूण चार फेऱ्या. एका गटाने चारही फेऱ्यांत उतारा वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने पहिल्या फेरीत वाचला, सरासरी साडेतीन वेळा सुद्धा नाही, आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत उतारा बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. एका आठवड्याने चित्र उलटं झालं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

पाच मिनिटांनंतरचे आकडे पुन्हा बघा. पालक फसतात ते तिथेच. वाचून झाल्याझाल्या प्रश्न विचारला की मूल धडाधड उत्तर देतं, सगळ्यांना वाटतं झाला अभ्यास. आणि त्या प्रयोगात आठवड्याने किती लक्षात राहील असं विचारल्यावर सर्वांत जास्त खात्री पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच होती. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक मुलाला एकट्याने कळत नाही. तो दाखवून द्यायला शिक्षक हवा. शिकवणीचा सगळ्यात मोठा उपयोग मला तरी हाच वाटतो.

करायचं कसं? धड्याचा एक भाग, दोन पानांहून जास्त नाही, एकदा नीट वाचायचा. पुस्तक मिटायचं. दुसरं काहीतरी दहा मिनिटं करायचं, म्हणजे नुकतंच डोळ्यांपुढे असलेलं उतरवणं होत नाही. मग कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने आठवेल ते लिहायचं, वाक्यं तुटकी चालतील. पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने भरायचं. पुन्हा वाचायचं ते फक्त हे लाल. याच भागासाठी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि साधारण पंधराव्या दिवशी पुन्हा कोरा कागद घ्यायचा. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. फेऱ्यांमधलं अंतर वाढत जावं आणि परीक्षा लांब असेल तर आणखी वाढावं, एवढं पाळलं तरी पुरे.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. मूल मध्येच पुस्तकात डोकावतं, आणि मग ते नुसतं नकलणं होतं. किंवा लाल शाई भरायचीच राहते, त्यामुळे चूकच पक्की होते. किंवा घरातलं कुणीतरी त्या कागदाला गुण देऊ लागतं. हे शेवटचं कृपा करून करू नका. गुण आले की मूल लाल शाई कमी दिसावी म्हणून लपवाछपवी करतं, आणि सरांना नेमकं काय येत नाही ते दिसायचं बंद होतं. कागद जवळजवळ कोराच राहत असेल तर मुलावर चिडू नका. भाग मोठा घेतलाय, अर्धा करा.

ओळी रंगवण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पहिल्याच वाचनात रंगवायला बसलं की अख्खं पान पिवळं होतं. आवडतच असेल तर दुसऱ्या वाचनात, परिच्छेदाला एक ओळ, आणि समासात त्या ओळीवरचा प्रश्न. शिक्षकाच्या तयार नोट्सचंही तेच: गाळणं, निवडणं, जोडणं हे काम सरांचं झालं, मुलाच्या वाट्याला पाठांतर उरलं. सरांनी मुलाच्या नोट्स तपासाव्यात, स्वतः काढून देऊ नयेत.

‘बघून’ आणि ‘ऐकून’ शिकणारी मुलं हा मुद्दा आता तरी थांबावा. हॅरल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी २००८ साली यावरचं संशोधन तपासलं; मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकतं याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. भूमितीला आकृती सगळ्यांनाच लागते, उच्चार सगळ्यांनाच ऐकावा लागतो. ‘मी ऐकून शिकणारा आहे’ असा शिक्का बसलेलं मूल आकृती काढायचं टाळू लागतं, नुकसान ते आहे.

एक प्रकार पक्का करून मगच दुसरा, हे पहिल्या दिवशी ठीक. पुढे मात्र प्रकार मिसळायलाच हवेत. शेकडेवारीची वीस गणितं एकापाठोपाठ सोडवणाऱ्या मुलाला रीत शोधावीच लागत नाही, ती धड्याच्या नावातच लिहिलेली असते. परीक्षेत ते नाव नसतं. आठ गणितं द्या: तीन आजची, तीन गेल्या आठवड्यातली आणि महिन्यापूर्वीची दोन, क्रम विस्कटून. सुरुवातीला चुका वाढतात. पालकांनी घाबरून शिक्षकांना फोन करू नये.

१० टक्के आणि ९० टक्क्यांचे आकडे निराधार आहेत. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ साली ‘अनुभवांचा शंकू’ मांडला, म्हणजे शिकण्याचे अनुभव प्रत्यक्षापासून अमूर्तापर्यंत रचून दाखवणारी आकृती. हे आकडे तिच्या नावावर खपवले जातात, पण तिच्यात टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कुणीतरी चिकटवली. पण अर्धं सत्य इथे आहे, ते नाकारत नाही: समजावून सांगताना आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं. पुस्तक मिटलेलं असेल तरच. उघड्या पुस्तकातून शिकवणं म्हणजे पुन्हा मोठ्याने वाचनच.

आणि २१ दिवस. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवस होता, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. बाविसाव्या दिवशी मूल टाळाटाळ करू लागलं तर त्यात त्याचा दोष नाही.

सरांना काही सांगायचंच असेल तर तासाची मांडणी सांग. पहिली दहा मिनिटं मागच्या वेळचं कोऱ्या कागदावर. मग दहा मिनिटं चुकांची वही: काय चुकलं आणि का, म्हणजे आकडेमोड, प्रश्न नीट न वाचणं, रीत न आठवणं की मुळातच न समजणं. पंचवीस मिनिटं नवीन. दहा मिनिटं मुलाने पुस्तक मिटून सांगायचं. शेवटची पाच आठवड्याच्या आखणीला: पहिले दोन आठवडे सर आखतील, पुढचे दोन दोघं मिळून, त्यानंतर मूल आखेल आणि सर फक्त एवढं विचारतील की गेल्या आठवड्यात काय राहिलं आणि कशामुळे.