अवशेष वर, पाणी खाली

‘निवांत ग्रामीण परिसर, वाटेत ऐतिहासिक अवशेष आणि अधूनमधून तलाव’ असे वर्णन करून कोणी सायकलसहलीचा मार्ग सुचवला, तर त्या माणसाचे आणि आपले पूर्वीचे काही वैर आहे का, हे आधी आठवून पाहावे. मी ते पाहिले नाही. मार्ग माझ्या जवळच्या मित्राने आखला होता, त्याने तो नकाशावर हिरव्या रंगाने रंगवला होता, आणि एकूण ६२ किलोमीटरांत तीन अवशेष व दोन तलाव बसवल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर असा काही पसरला होता, की ‘रस्त्याला चढ किती?’ हा प्रश्न विचारणे मला असभ्यपणाचे वाटले.

या वर्णनातली मेख मला दुसऱ्या अवशेषाच्या वाटेवर धापा टाकताना कळली. किल्ला किंवा टेहळणीचा बुरूज बांधणाऱ्याला शत्रू दुरून दिसायला हवा असतो आणि जवळ येईतो तो दमलेला हवा असतो. म्हणून तो बांधकामासाठी आसपासची सर्वांत गैरसोयीची टेकडी निवडतो. पाण्याला असली काही महत्त्वाकांक्षा नसते. ते निमूटपणे सर्वांत खोल जागी जाऊन साचते. तेव्हा अवशेष आणि तलाव यांची ज्याला सारखीच आवड आहे, त्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंत आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत दिवसभर येरझारा घालणे ओघानेच आले. युरोपातल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांनी दऱ्याखोऱ्यांत, पाण्याच्या कडेला मठ बांधून या बाबतीत पुष्कळ समंजसपणा दाखवला आहे; पण आमच्या मार्गावर एकही मठ नव्हता. होते ते सगळे संशयी स्वभावाच्या लोकांनी बांधलेले होते.

नकाशाने तरी सावध करायला हवे होते, असे कोणी म्हणेल. त्याने ते केलेही होते. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन या डोंगराची मोजणी झाली आणि तिच्यावरून पृथ्वीची घनता काढण्याचे किचकट गणित चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आले, तेव्हा त्यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडून त्या आकड्यांच्या जंजाळातून वाट काढली. तेव्हापासून रूढ होत गेलेल्या समोच्च रेषा आमच्याही नकाशावर होत्या. रेषा जितक्या जवळजवळ, तितका चढ उभा, हे मी शाळेत शिकलो होतो आणि परीक्षेनंतर लगेच विसरलोही होतो. अवशेषांभोवती त्या इतक्या दाटीने काढल्या होत्या, की मला ती छपाईतली सजावट वाटली.

मित्राला मात्र सगळे ठाऊक होते. त्याचे म्हणणे एवढेच, की जिथून निघायचे तिथेच परत यायचे असल्यामुळे एकूण चढाई अकराशे मीटर असली, तरी निव्वळ चढ शून्य आहे. ‘‘जेवढा चढशील तेवढा उतार मिळतोच,’’ असे तो म्हणाला. हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते आणि उंचीच्या बाबतीत ते खरेही आहे. घोटाळा वेळेचा आहे. पाच किलोमीटरांचा चढ ताशी ५ किलोमीटरने चढायला एक तास लागतो आणि तोच उतार ताशी ४० किलोमीटरने साडेसात मिनिटांत संपतो. म्हणजे सहलीचे नऊ भाग केले, तर आठ भाग घाम गाळण्यात जातात आणि एका भागात वारा खायला मिळतो. त्यातही निम्मा वेळ ब्रेक नीट लागताहेत ना, या काळजीत जातो. दोन्ही वेगांची सरासरी साडेबावीस होईल, असे मी भाबडेपणाने धरले होते. प्रत्यक्षात ती नऊच्याही खाली येते.

ताशी ५ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. माझ्या सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढच्या चक्राला ३४ दाते आणि मागच्या चक्रालाही ३४ दाते आहेत, म्हणजे पॅडलचा एक फेरा तेव्हा चाकाचाही एकच फेरा, अंदाजे दोन मीटर आणि थोडे वर. मिनिटाला चाळीस फेरे मारले, की सायकल बरोबर माणसाच्या चालण्याच्या वेगाने जाते. फरक इतकाच, की चालणाऱ्या माणसाला तोल सांभाळावा लागत नाही आणि त्याला शेळ्या ओलांडून पुढे जात नाहीत. मला त्या गेल्या. मागून त्यांचे मालक असलेले आजोबाही गेले. जाता जाता त्यांनी माझ्याकडे, मग सायकलीकडे, मग तिच्यावरच्या बोज्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘पोरा, हे सगळं वर न्यायचंय, की वरून आणलंयस?’’

बोजा हा माझ्या बाजूचा दुबळा मुद्दा आहे, हे मान्य करतो. थॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरमध्ये योकोहामाला पोहोचून त्याने सायकलवरची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, वेळप्रसंगी तंबूचे काम करणारा रेनकोट आणि एक पिस्तूल एवढेच सामान होते. मी एका दिवसासाठी निघालो होतो आणि माझ्याजवळ चार पॅनिअर, म्हणजे चाकांच्या बाजूंना लटकवायच्या, बॅगा होत्या, ज्यांतल्या एकीत उरलेल्या तिघींना झाकायचे पावसाळी कव्हर होते. सायकल, सामान आणि मी मिळून शंभर किलो भरत होतो. एवढे वजन शंभर मीटर वर उचलायचे, तर साधारण २३ किलोकॅलरींचे काम पडते. पण आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा कामाला लावतात आणि बाकीचा उष्णतेत उधळतात, त्यामुळे खर्च शंभराच्या घरात जातो. एका मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण तेवढेच मिळतात. हा हिशेब सुचल्यापासून मी मीटर सोडून दिले आणि उंची केळ्यांत मोजू लागलो. पहिला अवशेष तीन केळ्यांवर होता, दुसरा पाच, तिसरा पुन्हा तीन. आमच्याजवळ एकूण पाच केळी होती, आणि त्यांतली दोन पान्यांच्या पिशवीखाली चेंगरून शहीद झाली होती.

दुसऱ्या अवशेषाविषयी मी फारसे लिहू शकत नाही. एक बुरूज होता, त्याला सावली होती आणि मी तिच्यात आडवा होतो. मित्र दगडांच्या घडणीविषयी काही सांगत होता. तटाची भिंत पाठीला गार लागत होती, आणि तीन तासांत सीटव्यतिरिक्त कशाचा तरी स्पर्श शरीराला होत आहे, या सुखापुढे मला इतिहास सुचत नव्हता. सीट मी मुद्दाम मऊ घेतली होती. लांबच्या प्रवासाला मऊ सीट अधिक छळते, कारण बैठकीची दोन हाडे तिच्यात रुततात आणि भार आजूबाजूच्या नाजूक भागावर जातो, हे ज्ञान मित्राने तिथेच, मी पालथा पडलेला असताना दिले.

खरे नाट्य पुढच्या उतारावर घडले. पाच केळ्यांची ठेव व्याजासह परत मिळायची वेळ आली होती, दुसरा तलाव खाली चमकत होता, आणि मागचे चाक डगडगू लागले. पंक्चर नेहमीप्रमाणे मागच्या चाकातच होते, कारण भार तिथे जास्त असतो आणि ते काढताना चेनमध्ये हात घालून काळे करावे लागतात. स्टीव्हन्सला ही विद्या लागली नाही. त्याच्या उंच चाकाच्या सायकलीला भरीव रबर होते. डनलॉप यांचा हवेचा टायर त्यानंतर, १८८८ मध्ये आला. तो मनुष्य एकाही पंक्चरवाचून जग फिरून आला, याचा मला त्या क्षणी इतका मत्सर वाटला, की पिस्तुलाचाही वाटला नव्हता.

सायकल ढकलत तलावाशी पोहोचलो आणि मी ऐटीत नवी ट्यूब काढली. तिचा वॉल्व्ह रिमच्या भोकात शिरेना. गिअरच्या सायकलीच्या ट्यूबला सहसा दोन जातींचे वॉल्व्ह असतात: एक बारीक, सहा मिलिमीटरांचा प्रेस्टा, आणि दुसरा मोटारीच्या टायरला असतो तसा जाडजूड, आठ मिलिमीटरांचा श्रेडर. माझी रिम प्रेस्टाची होती आणि ट्यूब श्रेडरची. दोन मिलिमीटर ही किरकोळ गोष्ट आहे, असे ज्याला वाटते त्याने आठचा वॉल्व्ह सहाच्या भोकात घालून पाहावा. मी पंधरा मिनिटे पाहिला. मित्राकडे ट्यूबच नव्हती. ‘‘मी ट्यूबलेस वापरतो, आतला चीक भोक आपोआप बुजवतो,’’ असे तो शांतपणे म्हणाला आणि तलावाचे सौंदर्य पाहू लागला.

उरला जुनाच मार्ग, पॅच लावण्याचा. पण भोक सापडेना. ट्यूबमध्ये हवा भरून ती कानाशी धरली, तर वाऱ्याचाच आवाज. ओठांपाशी फिरवली, तर पुन्हा वाराच. शेवटी गुडघ्यांवर बसून मी ती इंचाइंचाने तलावात बुडवत गेलो, आणि वॉल्व्हपासून वीतभर अंतरावर बुडबुड्यांची एक बारीक, सरळ माळ वर आली. इतका वेळ नुसता देखणा असलेला तो तलाव एकदम उपयोगी पडला. भोकावर बोट ठेवून ट्यूब पुसली, काचपेपरने घासली, सोल्युशन लावले, ते सुकू दिले आणि पॅच दाबला. चाक बसवले, हवा भरली, शंभर पावले गेलो आणि पुन्हा बसलो. कारण टायरच्या आत तिळाएवढे काट्याचे टोक तसेच शिल्लक होते. ते दुसऱ्या खेपेला टायरच्या आतून बोट फिरवताना सापडले, म्हणजे बोटात शिरले.

तिसरा अवशेष आम्ही पाहिला नाही. मित्राने ‘तीन केळ्यांचाच तर आहे’ असे म्हणून पाहिले, पण एव्हाना तीन केळी कोणाकडेच नव्हती.

घरी आल्यावर तलावाची छायाचित्रे सगळ्यांनी मागितली. माझ्याकडे एकच आहे, मित्राने मागून काढलेले. त्यात मी ओणवा आहे, काळी ट्यूब अर्धी पाण्यात आहे आणि बुडबुड्यांची माळ स्पष्ट दिसते. पलीकडच्या संथ पाण्यात डोंगरावरचा तो बुरूज उलटा उतरलेला आहे. तो अवशेष माझ्यापेक्षा खाली असल्याचा तेवढा एकच पुरावा माझ्याजवळ आहे.