बारा इंची कूलर आणि समुद्रावरचं ताक

क्रूझवर जेवण फुकट असतं असं ज्यांनी ज्यांनी तुम्हाला सांगितलंय ना, त्यांनी पुढचं अर्धं वाक्य गिळलेलं असतं. जेवण फुकट, तहान विकत. रात्री दोन वाजता हवा तेवढा पिझ्झा हाणा, कोणी हूं की चूं करत नाही, पण साधं कोकचं कॅन मागितलंत की गळ्यातलं कार्ड मशीनला टेकतं, तीन डॉलरच्या वर काहीतरी, त्यावर सर्व्हिस चार्ज, आणि पैसे तिथल्या तिथे द्यायचे नसल्यामुळे आपला काही खर्च होतोय असं वाटतच नाही. दारूचं पॅकेज घ्यायचं तर तिथे आणखी गंमत, केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यानेही घ्यायलाच हवं, मग त्या दुसऱ्याची आज संकष्टी का असेना.

हे सगळं मी नवऱ्याला सांगत होते आणि ऐकलं सासऱ्यांनी.

बाबा इरिगेशनमधून रिटायर झालेत. आयुष्य क्युसेकमध्ये गेलं. नाशिकहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते, आई-बाबांना जरा समुद्र दाखवावा म्हणून आम्ही गॅल्व्हेस्टनहून निघणारी मेक्सिकोची क्रूझ बुक केली, तर बाबांचा पहिला प्रश्न, "पाण्याचं काय?" म्हणलं बाबा पाणी फुकट आहे, चहा-कॉफी फुकट, आईस टी फुकट, लेमोनेडही फुकट. "आणि बाकीचं?" बाकीचं विकत म्हणल्यावर ते गप्प झाले, आणि बाबा गप्प झाले की घरात काहीतरी प्रकल्प सुरू होतो.

संध्याकाळपर्यंत त्यांनी क्रूझ कंपनीचे नियम चष्मा लावून तोंडपाठ केले होते. बिनदारूच्या पेयांचे माणशी १२ कॅन किंवा टेट्रा पॅक न्यायला परवानगी, प्रत्येकी १२ औंसांपर्यंत, सीलबंद, तेही फक्त पहिल्या दिवशी आणि हातातल्या सामानात. बाटल्या बंद, पाण्याचीसुद्धा चालत नाही. पेयं गार ठेवायचा पेटीसारखा कूलर चालेल, पण १२ बाय १२ बाय १२ इंच, त्याच्या वर नाही. "म्हणजे नातीला न धरताही आपल्याला ४८ चा कोटा मंजूर आहे," बाबा म्हणाले. मंजूर!

मग आम्ही दुकानात. बाबांच्या खिशात मेजरिंग टेप. कूलरच्या रॅकसमोर उकिडवे बसून एकेकाची लांबी-रुंदी-खोली, आतून वेगळी बाहेरून वेगळी, शेजारून जाणारा पोरगा मला विचारतो हे इथे काम करतात का. हँडल मापात धरायचं की नाही यावर बापलेकांचं वाजलं. शेवटी एक मऊ पिशवीसारखा कूलर मिळाला, हँडल पाडलं की बरोब्बर बारा इंच. घरी येऊन बाबांनी कागदावर हिशोब केला तो असा की भिंतीची जाडी वजा जाता आत दहा इंच उरतात, कॅनचा व्यास अडीच इंचाच्या थोडा वर, म्हणून आडवे चार काही बसत नाहीत, तीनच बसतात, तीन त्रिक नऊ, दोन थर, अठरा. आणि हे बर्फ न घालता. बर्फ घातला तर एक थर. म्हणजे ४८ कॅन मंजूर आणि धरणाची क्षमता नऊ. "पाळीपाळीने गार करू," असं म्हणून बाबांनी आवर्तनांचं वेळापत्रक आखलं. सकाळचं आवर्तन, दुपारचं आवर्तन. मी हसले तर आई म्हणाल्या, "हसू नकोस, अशानेच चढतात ते."

खरेदीला हिलक्रॉफ्टला गेलो. तिथल्या देशी दुकानांत काय मिळत नाही! थम्स अप, लिंबूवाला सोडा, पन्ह्याचे टेट्रा पॅक, मसाला ताकाचे टेट्रा पॅक. आमच्याकडे बिअर कोणी पीत नाही असं नाही, पण बाबांच्या कोट्यात बिअर बसत नव्हती, आणि नवऱ्याची हिंमत नव्हती. थम्स अपचं कॅन हातात घेऊन बाबा हळहळले, "हे ३०० मिलीचं आहे. त्यांचे १२ औंस म्हणजे ३५५. प्रत्येक कॅनमागे ५५ मिली आपलं वाया चाललंय."

गॅल्व्हेस्टनला सुटकेस पोर्टरकडे दिल्या, पण पेयं हातातच न्यायची असल्यामुळे नवऱ्याच्या पाठीवर एक सॅक, माझ्या पाठीवर एक सॅक, आणि कूलर बाबांच्या छातीशी. एक्स-रेच्या पट्ट्यावरून तो गेला आणि पट्टा थांबला. सिक्युरिटीच्या बाईने ताकाचा पॅक काढून लेबल वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. टेक्ससमध्ये बटरमिल्क सगळ्यांना माहीत आहे, पण चिकन तळायच्या आधी भिजवायला. ही माणसं ४८ मधले निम्मे पॅक ताक घेऊन जहाजावर नक्की काय तळणार आहेत हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. बाबांनी तिच्यासमोर टेप काढून कूलर मोजून दाखवला, तिने मागितलं नसताना. तिने हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि जा म्हणाली.

केबिनमधे फ्रिज होता, पण तो आधीच विकाऊ मालाने गच्च भरलेला आणि गार म्हणाल तर बाहेरच्यापेक्षा जरासा बरा. आता बर्फ. बर्फाचं मशीन वर डेकवर, बफेजवळ, आणि आमची केबिन पार खाली. तिथे आपलं भांडं नेऊन मशीनखाली धरलेलं चालत नाही, साथीची भीती असते त्यांना, उलट्या-जुलाब सुरू झाले की अख्खं जहाज झोपतं, म्हणून दारात माणूस उभा राहून सगळ्यांना हात धुवायला लावतो. मग बाबांनी तिथलेच ग्लास भरून न्यायला सुरुवात केली. दोन हातांत दोन ग्लास, लिफ्ट, खाली, ओतले, परत वर. लिफ्टमध्ये पोहायच्या कपड्यांतली माणसं आणि मधे इस्त्रीची पँट, बुशशर्ट, दोन ग्लास बर्फ घेतलेले बाबा. दिवसभर तेच. वितळण्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा जास्त आहे हे तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांच्या लक्षात आलं आणि इरिगेशनच्या माणसाला ते सहन होईना.

त्यात नवऱ्याने सांगितलं की मोठ्या जहाजांवरचं पुष्कळसं पाणी समुद्राचंच असतं, इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून किंवा आरओ करून गोडं करतात. बाबा थांबलेच. हातातल्या बर्फाकडे बघत म्हणाले, "म्हणजे हा मेक्सिकोच्या आखाताचा बर्फ?" आईंनी एक खडा तोंडात टाकला. "खारट नाही लागत."

सुटका केली स्टुअर्डने. पोरगा मडगावजवळचा निघाला. बाबांना कॉरिडॉरमध्ये ग्लास घेऊन पळताना बघून म्हणतो, "अंकल, तुमी बसा, हांव हाडटां बर्फ." सकाळ-संध्याकाळ बादली भरून. बाबा त्याला गोव्यातल्या धरणांची माहिती विचारायचे आणि तो बिचारा टॉवेलचा हत्ती करता करता हो हो म्हणायचा.

बर्फ आला तर बापलेकांचा नवा वाद. वितळलेलं पाणी काढायचं की ठेवायचं? नवरा म्हणे ठेवा, पाणी कॅनला सगळ्या बाजूंनी लागतं, नुसत्या बर्फाच्या खड्यांमधे हवाच जास्त. इथे बाबा चक्क पोराशी सहमत झाले, कारण "मृतसाठा ठेवावाच लागतो." पण मग त्यांना आठवलं पॉटचं आईस्क्रीम, बर्फात खडेमीठ घालून हँडल फिरवायचं ते. बर्फात पुरेसं मीठ पडलं की पारा शून्याच्या खूप खाली जातो, अगदी उणे २१ पर्यंत, हे शास्त्रच आहे, फक्त त्यासाठी मीठ भरपूर लागतं, आणि आमच्याकडे होत्या बफेतल्या कागदी पुड्या. बाबांनी दोन्ही खिसे भरून आणल्या. कॉटवर बसून आई एकेक पुडी फाडतायत, बाबा शिंपडतायत, मी दार लावून घेतलं, कोणी बघितलं तर काय सांगणार. पण दहा-पंधरा मिनिटांत थम्स अप असं गार झालं की दात शिवशिवले. आणि एका कोपऱ्यातल्या ताकाचा अर्धा बर्फ झाला. तो बाबांनी चमच्याने खाल्ला. बाहेर पूल, वॉटर स्लाइड, स्टील ड्रमवाला बँड, सगळं चालू, आणि आमचं खानदान खाली खारवलेल्या बादलीभोवती. नाही म्हणायला आई रोज दुपारी तासभर "समुद्र बघून येते" म्हणून वर जायच्या आणि आमच्या लेकीच्या बाहुलीकडे रोज संध्याकाळी एक नवी कागदी छत्री दिसायची. मला वाटलं किड्स क्लबमधे बनवतात.

प्रोग्रेसो या मेक्सिकोतल्या बंदराबद्दल एवढंच सांगते की तिथला धक्का साडेसहा किलोमीटर लांब आहे, कारण समुद्र उथळ, आणि बाबांनी तो बघूनच तिकीट वसूल झालं म्हणून जाहीर केलं.

खरी परीक्षा कोझुमेल बेटावर. बाबांच्या मते कूलर घेतलाच होता या दिवसासाठी. सीलबंद पेयं जहाजावरून खाली मेक्सिकोत न्यायला हरकत नाही, फळं आणि उघडं खाणं नको, ते बघून घेतलेलं. ऊन मी म्हणत होतं. बीच क्लबच्या गेटवर पोचलो तर पाटी, बाहेरची पेयं आणि कूलर आत आणू नये. गार्ड हसतमुख, पण ठाम. बाबा त्याला मराठीत समजावतायत, "अहो यात दारू नाही, ताक आहे ताक," तो "सी सेन्यॉर, सी सेन्यॉर" म्हणतोय आणि गेट काही उघडत नाहीये. बाबांनी टेपसुद्धा काढला. नाही.

शेवटी एक टॅक्सीवाला म्हणाला बेटाच्या पलीकडच्या बाजूला चला, तिकडे क्लब फारसे नाहीत, मोकळा किनारा आहे, कोणी अडवत नाही. बेट आडवं जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, पण जाणं-येणं आणि तिथे थांबणं धरून त्याने जो आकडा सांगितला त्यात आम्हा सगळ्यांना क्लबमध्ये दिवसभर बसून प्यायला मिळालं असतं. मी तसं म्हणलंही. बाबा आधीच पुढच्या सीटवर, मांडीवर कूलर.

पूर्वेचा किनारा म्हणजे नुसता वारा. लाटा अशा की पाण्यात उतरायची सोयच नाही, पण माणूस नाही काणूस नाही, खडकावर चादर टाकून बसलो आणि गार पन्हं उघडलं. टॅक्सीवाल्यालाही एक दिलं. त्याने घोट घेऊन विचारलं, "तामारिंदो?" चिंच नाही हो, कैरी, आई सांगतायत. तो विचार करून म्हणाला, "आह! मांगो व्हेर्दे!" आई म्हणाल्या, "हिरवा मांगो, तेच तर सांगतेय मी." मग त्याने गाडीच्या खणातून मिरची-मीठ-लिंबाच्या पुडीची डबी काढली, तिकडे आंब्या-काकडीवर भुरभुरतात ती, आणि पॅक कापून थेट पन्ह्यात. आईंनी तळहातावर घेऊन चाटली. "लिंबू जरा पुढे आहे, पण बरी आहे." डबी शेवटी आमच्याकडेच आली, बदल्यात त्याला दोन ताक गेली. पहिल्या घोटाला त्याचं तोंड जे झालं ते मी इथे लिहीत नाही, पण त्याने सभ्यपणे संपवलं.

शेवटच्या सकाळी बाबांनी गेस्ट सर्व्हिसच्या रांगेत उभं राहून बिलाची छापील प्रत आणली. अ‍ॅपवर विश्वास नाही. आता यात पेयांच्या नावाखाली शून्य दाखवून ते आम्हा सगळ्यांना ऐकवणार होते. चष्मा चढवला, बोट फिरवलं आणि बोट थांबलं. व्हर्जिन पिन्या कोलाडा, अननस-नारळाचं बिनदारूचं पेय. खाली परत व्हर्जिन पिन्या कोलाडा. एकाखाली एक, रोजच्या रोज, सर्व्हिस चार्जसकट. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी नवऱ्याकडे. नवऱ्याने कागद ओढून घेतला आणि कार्डावरचं नाव वाचलं.

आई खिडकीपाशी बसून पर्स आवरत होत्या, त्यातून एक गुलाबी कागदी छत्री डोकावत होती. मान वर न करता म्हणाल्या, "ताक काय हो, नाशिकलाही मिळतं."