फोनमध्ये काय असावे, हे कोणी ठरवायचे?

नवा स्मार्टफोन बाजारात आला की भारतातल्या माझ्या मित्रमंडळींमध्ये ठरावीक वाद सुरू होतो आणि जर्मनीत राहूनही मी त्यात हिरिरीने भाग घेतो. एका बाजूचे म्हणणे असे की पैसे ग्राहक मोजतो, तेव्हा हेडफोन जॅक, एफएम रेडिओ, मेमरी कार्ड, कॉल रेकॉर्डिंग असे तो जे मागेल ते कंपनीने दिलेच पाहिजे. दुसरी बाजू म्हणते की आपल्याला काय हवे हे ग्राहकाला वस्तू हातात पडेपर्यंत कळत नाही, म्हणून चांगली कंपनी त्याला विचारत बसत नाही. इकडे फोनचा विषय निघाला की प्रश्न निराळे असतात: बॅटरी बदलता येते का, सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षे मिळतील, माझी माहिती कोणाच्या हाती जाते. दोन्हीकडचे ऐकून माझे मत असे झाले आहे की नवे काय घालायचे हे कंपनीनेच ठरवावे. ग्राहकाकडून तिने त्याची अडचण नीट समजून घ्यावी, त्याने सुचवलेला उपाय जसाच्या तसा उचलू नये. मात्र ग्राहकाकडे आधीच असलेले काही काढून घ्यायचे असेल, किंवा त्याने विकत घेतलेली वस्तू अकाली निकामी होणार असेल, तर तेथे त्याचा शब्द चाललाच पाहिजे.

अडचण समजून घेणे म्हणजे काय, याचे सर्वांत सुंदर उदाहरण स्मार्टफोनच्या आधीच्या काळातले आहे. नोकियाने २००३ मध्ये ११०० हा फोन आणला. धूळ न शिरणारा कीपॅड, हातातून न निसटणारी कड आणि एक छोटासा टॉर्च, एवढेच त्याचे वेगळेपण होते. विकसनशील देशांतला ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या या फोनचे सुमारे पंचवीस कोटी नग खपले. त्या वेळी ग्राहकांना इच्छांची यादी करायला सांगितली असती, तर रंगीत पडदा आणि कॅमेरा यांचीच नावे वर आली असती, असे मला वाटते. टॉर्च कोणी लिहिला नसता, कारण रात्री वीज गेल्यावर होणारी पंचाईत फोनने सोडवायची असते, हे कोणाच्या मनातच नव्हते. २००७ च्या नोकिया १२०० मध्ये एकाच फोनवर अनेक जणांना आपापल्या संपर्कांच्या वेगळ्या याद्या ठेवता येत होत्या, कारण कित्येक ठिकाणी एक फोन अनेक जण मिळून वापरत असत. माणसे कशी जगतात हे पाहून घेतलेले हे निर्णय होते, आणि अशा पाहण्याला मी मतमोजणीपेक्षा कितीतरी वरचे स्थान देतो.

तीच नोकिया दोन सिमकार्डांच्या बाबतीत मागे पडली, हेही सांगितले पाहिजे. भारतात लोक दोन कंपन्यांची सिमकार्डे बाळगत होते, मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्या त्यांच्यासाठी दोन सिमचे फोन विकत होत्या, आणि नोकियाचे असे फोन यायला २०१० उजाडले. आयफोनमध्ये तर ही सोय २०१८ मध्ये आली. ही मागणी एखाद्या हौशी गटाची नव्हती. कोट्यवधी माणसे रोज सिमकार्डे काढत-घालत होती. एवढे उघड वर्तन ज्यांना दिसले नाही, त्यांना ‘ग्राहकाला काही कळत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

तरीही मागण्या मोजून फोन बनवावा, असे मी म्हणणार नाही. मोठ्याने मागणारे आणि खरोखर विकत घेणारे हे पुष्कळदा वेगळे असतात. हातात मावणारा लहान फोन द्या, असा आग्रह अनेक वर्षे चालला होता. ॲपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंची पडद्याचे ‘मिनी’ फोन काढले. मोठ्या फोनांच्या मानाने ते फार थोडे खपले आणि २०२२ च्या मालिकेत तसा फोन राहिला नाही. ब्लॅकबेरीच्या निष्ठावान ग्राहकांना बटणांचा कीबोर्ड हवा होता. कंपनीने २०१५ मध्ये प्रिव्ह या अँड्रॉइड फोनलाही तो दिला आणि पुढच्याच वर्षी स्वतः फोन बनवणे थांबवल्याचे जाहीर केले.

मतमोजणीविरुद्धचा माझा याहून मोठा आक्षेप नैतिक आहे. २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर आले आणि त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या या सोयींमुळे अंध व्यक्तींना गुळगुळीत काचेचा फोन स्वतंत्रपणे वापरता येऊ लागला. बहुसंख्य ग्राहकांची मते घेतली असती तर ही मागणी यादीच्या तळाशीही दिसली नसती. वनप्लसने २०२० मध्ये ग्राहकांकडून कल्पना मागवल्या, त्यांवर मते घेतली, आणि पडदा बंद असतानाही वेळ दिसत राहण्याची सोय त्यात आघाडीवर राहिली. कंपनीने ती दिलीही. उपक्रम प्रामाणिक होता, पण अशा ठिकाणी मत नोंदवायला येतात ते फोनची आवड असलेले, सवड असलेले लोक. ज्याला अक्षरे बारीक दिसतात किंवा ज्याचा हात थरथरतो, तो तेथे सहसा पोहोचत नाही.

भारतातल्या चर्चेशी माझा सर्वांत तीव्र मतभेद होतो तो कॉल रेकॉर्डिंगवरून. गूगलच्या फोन ॲपमध्ये रेकॉर्डिंग सुरू होताच दोन्ही बाजूंना तशी सूचना ऐकू येते. शिवाय गूगलने २०२२ मध्ये प्ले स्टोअरचे नियम कडक केले, आणि इतर ॲपना अपंगांसाठीच्या यंत्रणेचा आडमार्ग वापरून कॉल रेकॉर्ड करण्यास मनाई झाली. ॲपलने २०२४ मध्ये ही सोय दिली तीही सूचनेसह. भारतातले माझे मित्र यावर चिडतात आणि त्यांची कारणे खोटी नाहीत: तोंडी आश्वासन देऊन नंतर हात झटकणारे विक्रेते असतात, वसुलीसाठी धमक्या देणारे असतात, फसवणूक करणारे असतात, आणि सामान्य माणसाकडे पुरावा म्हणून रेकॉर्डिंग तेवढेच असते. जर्मनीत मात्र संमतीशिवाय दुसऱ्याचे खासगी बोलणे रेकॉर्ड करणे हा फौजदारी संहितेच्या कलम २०१ नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. येथे राहून मला या नियमामागचा विचार पटला आहे. संभाषण दोघांचे असते आणि फोनची किंमत त्यांपैकी एकानेच मोजलेली असते. ज्या सुविधेची किंमत फोनवर पलीकडे बोलणाऱ्यालाच चुकवावी लागते, ती केवळ ग्राहक मागतो म्हणून देणे मला मान्य नाही. फसवणुकीवर उपाय हवाच. पण तो वसुली करणाऱ्यांवर आणि विक्रेत्यांवर लेखी नोंदीचे बंधन घालून शोधावा, प्रत्येक खिशात गुप्त ध्वनिमुद्रक देऊन नव्हे.

कंपन्यांना सारे कळते, असे मानणाऱ्यांनाही थोडे सांगायचे आहे. ॲमेझॉनने २०१४ मध्ये फायर फोन आणला. वापरणाऱ्याच्या डोक्याची हालचाल टिपून पडद्यावर खोलीचा आभास निर्माण करण्यासाठी त्यात पुढच्या बाजूला चार खास कॅमेरे होते. ही सोय कोणी मागितली नव्हती आणि ती कोणाच्या उपयोगीही पडली नाही. काही महिन्यांतच कंपनीला मुख्यतः या फोनपायी सतरा कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. अशा चुकांचा भुर्दंड निदान कंपनीलाच बसतो, म्हणून मी त्यांबद्दल फारसे बोलत नाही.

ग्राहकाला भुर्दंड बसतो तो असलेले काढून घेतले जाते तेव्हा. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोन जॅक काढला आणि एकेक करून बहुतेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या. टिकाऊपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या फेअरफोननेही २०२१ मध्ये तेच केले. चालू स्थितीतले हेडफोन ज्यांच्याकडे होते, त्या कोणाचीही ही मागणी नव्हती. भारतात सरकारने २०२३ मध्ये फोन कंपन्यांना सूचना केली की फोनमध्ये एफएम रेडिओ असेल तर तो बंद करून ठेवू नये आणि नसेल तर तो द्यावा. आपत्तीच्या वेळी इंटरनेट कोसळते, रेडिओ चालू राहतो, हे त्यामागचे कारण होते. आतली यंत्रणा ग्राहकाने पैसे देऊन घेतलेली असताना तिला कुलूप लावण्याचे समर्थन कोणत्याही रचनाकाराला करता येईल, असे मला वाटत नाही. शाओमीने तर आपल्या सॉफ्टवेअरची उभारणीच वापरकर्त्यांच्या सूचना घेऊन आणि दर आठवड्याला सुधारणा करून केली होती, याचे मला आजही कौतुक वाटते. पुढे त्याच सॉफ्टवेअरच्या मूळ ॲपमध्ये जाहिराती आल्या, तेव्हा त्या कोणत्या ग्राहकाने मागितल्या होत्या?

या जागी मला युरोपचा मार्ग योग्य वाटतो. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात नव्या फोनांना यूएसबी-सी चार्जिंग बंधनकारक झाले. ॲपलने आक्षेप नोंदवले होते, तरी सप्टेंबर २०२३ च्या आयफोन १५ पासूनच तिने ते स्वीकारले, आणि भारतातल्या ग्राहकालाही तोच फोन मिळाला. २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे सिस्टिम अपडेट आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. अशा नियमांचा तोटाही आहे: उद्या यूएसबी-सीपेक्षा चांगला जोड निघाला तर कायदा बदलेपर्यंत थांबावे लागेल. तरी मी तो तोटा पत्करीन, कारण दुकानात उभा असलेला ग्राहक कॅमेरा पाहतो. चौथ्या वर्षीच्या सुट्या भागाची मागणी त्याच्या तोंडी तेव्हा येत नाही आणि येते तेव्हा उशीर झालेला असतो.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि फोन किती सहज दुरुस्त होतो हे दाखवणाऱ्या निर्देशांकाविषयीचा समितीचा अहवाल २०२५ मध्ये त्याच्याकडे आला. माझ्या मित्रांनी आपला आग्रह या बाजूला वळवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फोन विकताना अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार हे खोक्यावर छापलेले असावे. चालू असलेली सोय अपडेटमधून काढायची असेल तर आधी कळवावे आणि जुनी आवृत्ती सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांसह ठेवण्याचा पर्याय द्यावा. मूळ ॲपमधल्या जाहिराती एका बटणाने कायमच्या बंद करता याव्यात. यांतली एकही गोष्ट नवी सुविधा नाही, आणि पुढच्या फोनमध्ये किती कॅमेरे असावेत यावरच्या वादात यांपैकी एकीचेही नाव अजून माझ्या कानावर आलेले नाही.