पट्टा आवळण्याआधी गव्हाण बघा

आमच्या नागपूरच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या राजकारण बंद आहे, घोडा चालू आहे. माझा मावसभाऊ काटोल रोडकडच्या एका रायडिंग क्लबात भागीदार. त्यांनी शर्यतीतून निवृत्त झालेला एक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, घेतला. देखणा, पोरांना बिनतक्रार पाठीवर घेणारा. पण आठवडा व्हायच्या आत कळलं, याला गव्हाण धरायची खोड आहे. वरचे दात फाटकाच्या कडेवर रोवायचे, मान ताणायची, गळ्याखालचे स्नायू फुगवायचे आणि ‘हुक्’ करून हवा आत ओढायची. लगेच पुन्हा तेच. भावाने पाठवलेल्या व्हिडिओत फाटकाचा रंग दातांच्या रुंदीएवढा उडालाय, खालचं लोखंड चकाकतंय.

ग्रुपवर लगेच तट पडले. काका म्हणाले, गळ्यात पट्टा आवळा. कुणी म्हणालं, फाटकाला मिरची फासा. आत्याचं मत, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, विकून मोकळा हो. कॉलेजात जाणाऱ्या भाचीने तर मुळावरच घाव घातला: मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या, तसं सगळीकडेच घोडे ठेवणं बंद करा. आणि मग मला प्रश्न आला, ‘तुमच्या जर्मनीत काय करतात?’

मी हॅनोव्हरजवळ राहते. मुलीच्या घोडेस्वारीच्या नादाने माझे शनिवार लीद उपसण्यात जातात, त्यामुळे उत्तर देण्याइतपत पाहिलंय. जर्मनीत सगळंच करतात, वाईटसुद्धा. इथल्या दुकानात घोड्यांच्या झुलींशेजारी धातूचे सांधे असलेले पट्टे टांगलेले असतात आणि ते खपतात. १८९९ च्या जर्मन बादशाही फर्मानात ही खोड घोड्याच्या मुख्य दोषांमध्ये होती. विकत घेतल्यावर चौदा दिवसांत दिसली तर गिऱ्हाईक घोडा परत करू शकत असे. ते फर्मान थेट २००२ साली गेलं. शेजारच्या स्वीडनमध्ये फोर्सेल नावाच्या शल्यवैद्याने १९२६ साली यावर मानेचे स्नायूच कापून काढायची शस्त्रक्रिया मांडली. युरोपने घोड्याला प्रेमानेच वागवलं, अशा समजुतीत कुणी राहू नये.

पण खोड मोडायची कशी, यावरून इथली चर्चा गेल्या काही दशकांत खोड लागते कुठून, याकडे वळली आहे. रानात मोकळ्या फिरणाऱ्या घोड्यांत ही खोड दिसत नाही. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरतं, चारा असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. त्याला दिवसभर खोलीत कोंडायचं, दोन वेळा भरपूर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, द्यायची आणि मधले तास रिकामे ठेवायचे, म्हणजे पोटात जळजळ आणि डोक्याला काम नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आईपासून तोडल्यावर दाण्याचा खुराक मिळालेल्या शिंगरांत ही खोड लागण्याची शक्यता चौपट दिसली. भावाच्या घोड्याचं लहानपण शर्यतीच्या तबेल्यात गेलं. म्हणजे खोड बहुधा विकत घेण्याआधीच पक्की झालेली.

पट्ट्याने ती थांबते, हे खरं. पण पट्टा असेपर्यंतच. ब्रिटनमधल्याच प्रयोगात, काही काळ अडवून ठेवलेले घोडे मोकळे केल्यावर आधीपेक्षा जास्त वेळा दात रोवू लागले. गरज तशीच राहिली, वाट तेवढी बंद झाली. आणि मिरचीबद्दल काय बोलावं! ज्याचं पोट आधीच जळतंय त्याचं तोंडही जाळायचं.

खोड निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. दात झिजतात, अंग धरत नाही, पोटशूळाच्या एका जीवघेण्या प्रकाराशी तिचा संबंध आढळला आहे. म्हणूनच आधी दात आणि पोट तपासून घ्यायला हवं, जठरात व्रण असतील तर औषध द्यायला हवं. त्यासाठी भावाला कुठे लांब जायला नको, पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपुरातच आहे.

मला खरा राग येतो तो क्लबच्या नव्या तबेल्याचा. फरशी, पंखे, प्रत्येक घोड्याला स्वतंत्र खोली, मध्ये छताला भिडलेली भिंत. भाऊ अभिमानाने म्हणतो, ‘एकदम फॉरेनसारखं बनवलं.’ फॉरेन मात्र त्याच खोल्या मोडायच्या मागे लागलंय. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या नियमांप्रमाणे घोड्याला दुसरा घोडा दिसला, ऐकू आला, त्याचा वास आला पाहिजे. आमच्या इथे लीद उपसते त्या तबेल्यात घोडे कळपाने उघड्या शेडमध्ये असतात. नागपुरात लग्नाच्या घोड्या ठेवणाऱ्यांकडे पत्र्याखाली चार घोड्या शेजारी शेजारी, एकमेकींची मान खाजवत, समोर कडब्याची पेंढी, हे चित्र मी लहानपणापासून पाहिलंय. त्यांचे काटेरी लगाम, आखडून बांधलेली पिछाडी, कानाशी डीजे, यातलं काहीच समर्थनीय नाही. आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड असेल तर घाबरणार कोण? पण सोबत आणि चारा या दोन गोष्टी तिथे होत्या, त्या क्लबाने पैसे मोजून काढून टाकल्या.

भाचीला माझं एवढंच म्हणणं की बंदीने पुढचा घोडा वाचेल कदाचित, पण हा जो दारात उभा आहे त्याला उद्या सकाळी कुणीतरी चारा टाकायचाच आहे.

तो कसा टाकायचा, हे मी भावाला लिहून पाठवलं. चंदी कमी करून थोडी थोडी, तीही चारा खाल्ल्यावर. वाळलेलं गवत बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगायचं, म्हणजे जास्त वेळ पुरतं. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत दुपारी कोण बाहेर सोडणार. पहाटे आणि रात्री सोडा, सोबतीला दुसरा घोडा द्या. पाहून पाहून बाकीचे शिकतील या भीतीला भक्कम पुरावा नाही, एकटं ठेवल्याने मात्र त्रास नक्की वाढतो. आणि दात रोवायला रबर गुंडाळलेली एक फळी राहू द्या. इतकी जुनी खोड सुटेलच असं नाही, कमी झाली तरी पुष्कळ.

भावाचं उत्तर अस्सल नागपुरी: ‘तुले काय जाते तिथं बसून सांगाले! गवत का फुकट भेटते?’ मुद्दा रास्त आहे. पट्ट्याचे पैसे एकदाच, गवताचे रोज. मी त्याला महिन्याच्या चंदीचा, औषधाचा आणि मागच्या पोटदुखीच्या वेळी डॉक्टरला दिलेल्या पैशांचा हिशेब मागितलाय. तो अजून आलेला नाही. मधली भिंत छातीपर्यंत उतरवायला गवंडी किती घेईल, हे मात्र त्याने विचारून ठेवलंय, असं आत्याकडून कळलं.