लढाया किती, हे आपल्या हातात

लेखात म्हटलंय की पावलोपावली आडव्या येणाऱ्या लढायांमुळे जुन्या वळणाचे जपानी आरपीजी, म्हणजे पात्रांची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम, आता खेळवत नाहीत. अर्धं पटलं. पण ‘ब्रेव्हली डिफॉल्ट’चा उल्लेखच नाही, कमाल आहे! २०१२ साली जपानमध्ये निन्टेन्डो थ्रीडीएस या हातातल्या गेमयंत्रावर आलेल्या या गेमच्या, नंतर जगभर निघालेल्या आवृत्तीत लढाया किती वेळा व्हाव्यात हे मेनूतून आपणच ठरवायचं, अगदी शून्यावरही आणता येतं. पात्रांची लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवायची असेल तर उलट लढायांचं प्रमाण वाढवायचं आणि लढाई ऑटोवर टाकून वेग चढवायचा.

खरी गंमत मात्र लढाईत वार करायच्या पाळ्यांच्या उधारीत आहे. ‘डिफॉल्ट’ केलं की बचाव होतो आणि पाळी शिल्लक पडते. ‘ब्रेव्ह’ केलं की पुढच्या पाळ्या उसन्या घेऊन एकदम चार वार. त्यातून बॉस, म्हणजे टप्प्यावरचा बडा शत्रू, चिमूटभर जीव धरून उरला, की उधारी फिटेपर्यंत मुकाट मार खायचा!

गेमच्या उत्तरार्धात कथेतले तेच चार स्फटिक पुन्हा पुन्हा जागे करायला लावतात, तिथे मात्र कंटाळ्याची तक्रार शंभर टक्के मान्य. कथेत त्याला कारण आहे हो, पण किती वेळा? मी तर तेव्हा लढाया बंद करून सरळ स्फटिकच गाठायचो.