एडिटचं बटण काढून नोंद सुरक्षित होत नाही

"नोंदी कुणी बदलू नयेत असं वाटतं? फॉर्ममधलं एडिटचं बटण काढा, तारखेच्या रकान्याला डिफॉल्ट वेळ लावा. काही चुकलंच तर ॲडमिन मागून दुरुस्त करेल. नोंद पुरावा म्हणून शंभर टक्के टिकेल." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. काल तो माझ्या बहिणीने पाठवला आणि खाली विचारलं, "आम्ही असंच करतो, बरोबर ना?" ती रुग्णांच्या समुपदेशनाच्या नोंदी सांभाळते. नाही, बरोबर नाही.

बटणाचं आधी संपवतो. ज्याच्याकडे डेटाबेसचं लॉगिन आहे त्याला बटण लागतच नाही, तो थेट टेबलावर (नोंदी साठवणाऱ्या तक्त्यावर) अपडेट, म्हणजे ओळ बदलण्याची आज्ञा, चालवतो. बंदी टेबलावरच हवी. ॲपच्या युजरला (ॲप डेटाबेसमध्ये ज्या खात्याने शिरतं त्याला) फक्त इन्सर्ट (नवी ओळ घालणं) आणि सिलेक्ट (वाचणं) एवढाच अधिकार द्या. तो युजर टेबलाचा मालकही नसावा, कारण मालक काढलेला अधिकार स्वतःला परत देऊ शकतो. बदल रोखणारा ट्रिगर (बदल होताना आपोआप चालणारा कोड) लावलाय म्हणून निर्धास्त असाल तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एकदा ट्रंकेट (अख्खं टेबल रिकामं करणारी आज्ञा) चालवून बघा (चाचणीच्या टेबलावर!). ओळीगणिक चालणारा ट्रिगर तिथे जागाच होत नाही, टेबल रिकामं.

वेळेच्या मुद्द्यात निम्मं खरं आहे, ते मान्य करतो. वेळ माणसाने टाइप करू नये, यंत्राने घालावी. पण डिफॉल्ट, म्हणजे डेटाबेस आपोआप भरतो ती वेळ, रकाना वगळला तरच लागते. इन्सर्टमध्ये मागची तारीख लिहून पाठवली तर डेटाबेस ती मुकाट्याने घेतो. त्या रकान्यात लिहायचा अधिकारच ॲपला देऊ नका.

खरा घातक सल्ला "ॲडमिन मागून दुरुस्त करेल" हा आहे. समजा सकाळी १०:४० ची नोंद आहे: "स्वतःला इजा करण्याचे विचार नाहीत." दुपारी डॉक्टर ती वाचून रुग्णाला घरी सोडतात. संध्याकाळी कळतं की नोंद दुसऱ्याच रुग्णाची होती. ॲडमिन मजकूर बदलून "विचार आहेत" करतो आणि वेळ तशीच १०:४० राहते. उद्या चौकशीत काय दिसणार? धोका सकाळपासून लिहिलेला होता आणि डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं! चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने खोटा पुरावा तयार झाला, तोही एका निर्दोष माणसाविरुद्ध.

दुरुस्ती ही नवी ओळ असते: स्वतःची वेळ, करणाऱ्याचं नाव, कारण आणि जुन्या ओळीचा क्रमांक. पडद्यावर दोन्ही शेजारी दिसल्या पाहिजेत, नाहीतर कुणीतरी जुनीच वाचून पुढे जाईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्येच 'भाग ११' या नियमात हे मांडलंय: बदलांचा माग संगणकानेच वेळेसह नोंदवावा आणि बदलामुळे आधीची माहिती झाकली जाऊ नये. त्यात ॲडमिनला सूट नाही.

राहिलं ते "शंभर टक्के". सुपरयुजरला, म्हणजे डेटाबेसचे सगळे अधिकार हातात असलेल्या ॲडमिनला, अधिकारांची कुठलीच बंदी अडवत नाही, त्याची लबाडी फार तर पकडता येते. त्यासाठी प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीचा हॅश (मजकुरावरून मोजलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) गुंफायचा. हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडलेली ही कल्पना. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०२२ या डेटाबेसमधली लेजर टेबलं (छेडछाड उघड करणारी टेबलं) याच तत्त्वावर चालतात. मात्र शेवटचा हॅश ठरावीक वेळाने ॲडमिनचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावाच लागतो. तो त्याच सर्व्हरवर राहिला तर ॲडमिन एक ओळ बदलून पुढची सगळी साखळी नव्याने मोजू शकतो, आणि ती बिनचूक जुळते.